११२ की ११४.३? पाच भोकांचं चाक मोजताना

मोटारीच्या चाकाचा एक आकडा असा आहे ज्यात ‘जवळपास’ चालत नाही. तो म्हणजे पीसीडी. नट ज्या भोकांत बसतात त्या सगळ्या भोकांच्या मध्यबिंदूंतून एक वर्तुळ काढलं, तर त्या वर्तुळाचा व्यास हा पीसीडी. ५×११४.३ म्हणजे पाच भोकं, ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, सारख्या अंतराने. व्याख्या इतकी सोपी आहे. पण पाच भोकांच्या चाकावर हा व्यास सरळ मोजायची सोयच नसते, कारण कुठल्याही भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक येत नाही. सगळे घोळ इथून सुरू होतात.

मी निवृत्त होईपर्यंत भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. फ्लँजवरची भोकं मोजायची आणि जॉब पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे रोजचं काम. तिथे हाइट गेज होता, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट होती, कॅलिब्रेशनचे शिक्के असलेली हत्यारं होती. मुलुंडच्या घरात यातलं काही नाही. एक १५० मिलिमीटरचा व्हर्निअर आहे, बस. चाकाचा पीसीडी काढायला तेवढा पुरतो, फक्त कुठून कुठे मोजायचं ते ठाऊक हवं.

निमित्त भाच्याचं. त्याची क्रेटा आहे. तिला मॅग व्हील (अलॉयची चाकं) लावायची त्याची बऱ्याच दिवसांची इच्छा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी चाकं, बंपर, दरवाजे, इंजिनं विकणारी दुकानं ओळीने आहेत. तिथून त्याने सतरा इंची चार चाकांचा सेट उचलला. कंपनीचे नव्हते, बाहेरच्या बनावटीचे होते, पण दिसायला अगदी झकास. दुकानदाराने टेप लावून दाखवला होता आणि ‘पाच नट है ना, एक सौ चौदा है, लग जायेगा’ म्हणून सांगितलं होतं. भाच्याने घरी आणून एक चाक चढवून पाहिलं, आणि ते पाचही स्टडवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, सरळ आत गेलं. नट हाताने लागेनात म्हणून त्याने मला फोन केला. ‘मावशी, चाक तर बसतंय, मग नट का अडतोय?’

हा प्रश्न फार चांगला होता. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथे जमीन सपाट आहे तिथे, गाडी घेतली. हँडब्रेक, गिअर, समोरच्या बाजूच्या चाकाला पुढूनमागून विटा. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी सरकवली. चाक काढलं. हबच्या तोंडावर गंजाचा तांबूस थर होताच; मुंबईच्या हवेत एक पावसाळा त्याला पुरतो. वायर ब्रशने हब आणि स्टडची बुडं घासून घेतली, चिंधीने पुसली. हे सगळं करायला मोजण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. गंजाची खपली व्हर्निअरच्या जबड्याखाली आली तर पाव मिलिमीटर तिथेच गेला.

व्हर्निअरचंही आधी बघायचं. जबडे पुसून बंद करून उजेडासमोर धरायचे, मधून उजेड दिसता कामा नये, आणि आकडा शून्य यायला हवा. पण शून्य बरोबर आला म्हणजे शंभरला बरोबर येईलच असं नाही. घरी स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे प्रमाण ठोकळे, कुणाकडे असणार? मी त्यासाठी एक नवीन ६२०४ बेअरिंग डब्यात ठेवलेलं आहे. नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. त्याचा आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४, आणि या मापांतला फरक मायक्रॉनमध्ये असतो. एकाच वस्तूवर व्हर्निअरचे बाहेरचे जबडे, आतले जबडे दोन्ही तपासून होतात. मोठ्या आकड्यांची खात्री त्याने होत नाही, पण वाकलेला किंवा झिजलेला व्हर्निअर लगेच उघडा पडतो. चाक मोजायला निघालेल्या प्रत्येकाने हे बेअरिंग घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता भूमिती. दहावीत वर्तुळाची जीवा शिकलेली असते, तीच इथे कामाला येते. पाच भोकांपैकी शेजारशेजारच्या दोन मध्यबिंदूंमधलं अंतर ही छोटी जीवा, तिला १.७०१३ ने गुणलं की पीसीडी. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर ही मोठी जीवा, तिला १.०५१५ ने गुणायचं. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं. पण मी नेहमी मोठी जीवा आधी घेते, आणि कारण साधं आहे: मोजताना झालेली चूकही त्याच आकड्याने गुणली जाते. छोट्या जीवेत ०.३ चुकले तर पीसीडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक होते. मोठ्या जीवेत ०.३ चे ०.३च राहतात. शिवाय ११२ आणि ११४.३ या दोघांच्या छोट्या जीवा अनुक्रमे ६५.८ आणि ६७.२, म्हणजे फरक जेमतेम १.४. मोठ्या जीवा १०६.५ आणि १०८.७, फरक २.२. ओळखायला जास्त जागा मिळते.

मध्यबिंदू हवेत असतो, त्यावर जबडा टेकत नाही. म्हणून दोन मापं घ्यायची. दोन भोकांच्या एकमेकांपासून लांबच्या कडांमधलं अंतर, आणि एकमेकांजवळच्या कडांमधलं अंतर. दोन्हींची बेरीज भागिले दोन, की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळालं. यात भोकाचा व्यास माहीत असण्याचीही गरज नाही. तो आपोआप वजा होतो. स्टडवरही हेच. फक्त व्हर्निअर हबच्या तोंडाला समांतर धरायचा. हबच्या मधल्या उंचवट्यामुळे अगदी बुडाशी जाता येत नाही, पण उंचवट्याच्या जरा वर, टोकापासून लांब मोजावं. स्टड किंचित वाकलेला असेल तर टोकाशी तो जास्त फसवतो. चाक मात्र मागून मोजायचं, हबला टेकणाऱ्या सपाट बाजूने. पुढून भोकाला नटासाठी निमुळती खोबण असते आणि तिथे कड नेमकी कुठे धरायची हेच कळत नाही.

क्रेटाच्या हबवर लांबच्या कडांचं माप आलं १२०.६, जवळच्या कडांचं ९६.८. सरासरी १०८.७, गुणिले १.०५१५, म्हणजे ११४.३. बरोबर, क्रेटाचा हाच आकडा. मग चाक पालथं केलं. लांबच्या कडा १२१.०.

भाचा म्हणाला, ‘बघ, एकशेवीस-एकवीस. सारखंच आहे.’

जवळच्या कडा मोजल्या: ९२.०. सरासरी १०६.५. पीसीडी ११२.

या दोन ओळींसाठी मी हा सगळा लेख लिहितेय, म्हणून जरा थांबते. बाहेरून बाहेर मोजलं तर हब आणि चाक यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. कारण हबवरचा स्टड बारा मिलिमीटरचा आणि चाकाचं भोक साडेचौदाचं. भोक मोठं असल्यामुळे बाहेरचं माप फुगलं आणि पीसीडीमधली तूट त्यात झाकली गेली. टेप लावणाऱ्याला ही तूट दिसणारच नाही.

आणि चाक आत का गेलं? पीसीडीत फरक २.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टड आपल्या भोकाच्या मध्यापासून १.१५ ने बाहेरच्या बाजूला सरकलेला. भोकात स्टडभोवती मोकळी जागा प्रत्येक बाजूला १.२५. त्यामुळे पाचही स्टड भोकाच्या कडेला अगदी घासत, पण कुठेही न अडता आत गेले. अडला तो नट. त्याचं तोंड शंकूसारखं असतं आणि ते भोकाच्या खोबणीत चहूबाजूंनी टेकायला हवं. इथे ते एकाच बाजूने टेकत होतं. पाना लावून जोर केला असता तर नट फिरलाही असता, चाक हबला चिकटलंही असतं. पण प्रत्येक स्टड एका बाजूला ओढलेला राहिला असता, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो थोडा वाकून परत सरळ होत राहिला असता. नट सैल होतात ते यामुळे, स्टड तुटतात ते यामुळे. भाचा रोज मुलुंडहून बीकेसीला जातो. पावसाळ्यात एलबीएस मार्गावरचे खड्डे त्या पाच स्टडवर काय आदळतात ते वेगळं सांगायला नको. हाताने नट लागला नाही तेव्हा तो थांबला, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

दुकानदाराने टेपने ११४ कसे काढले हेही मी नंतर शोधून पाहिलं. टायरच्या दुकानांत एक झटपट रीत चालते: एका भोकाच्या मध्यापासून, एक सोडून पुढच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावायचा आणि येईल तो आकडा पीसीडी म्हणायचा. या चाकावर ती लावली तर १०६.५ अधिक भोकाची त्रिज्या ७.२५, म्हणजे ११३.८ येतात. टेपवर वाचणारा त्याला ११४ म्हणणारच. तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याची रीत खोटी होती. ती जुळायला भोकाचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर लागतो, आणि त्या भोकातून बारा मिलिमीटरचा स्टड जाणारच नाही. खरं ११४.३ चं चाक याच रितीने मोजलं तर ११६ दाखवेल. ही रीत सोडून द्यावी.

कागदाचा छाप घेण्याची रीतही लोक सांगतात: चाकाच्या मागच्या तोंडावर कागद ठेवून पेन्सिलने घासायचं आणि छापावर मापं घ्यायची. अंदाजाला ठीक आहे. पण दमट हवेत कागद ताणला जातो आणि पेन्सिलची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते. इंटरनेटवरून पीसीडीचा तक्ता छापून घेणार असाल तर प्रिंटरने तो पानात मावावा म्हणून लहान केलेला नाही ना, हे आधी तक्त्यावरची पट्टी व्हर्निअरने मोजून बघा. नाहीतर ११४.३ चं वर्तुळ ११२ चं होऊन बाहेर येईल आणि कळणारही नाही.

हे ११४.३ असं विचित्र का, असं भाच्याने विचारलं. ते साडेचार इंच आहेत. जिप्सी आणि जिम्नीच्या पाच भोकांचे १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. ज्या गाड्यांचे आकडे गोल आहेत, १००, १०८, ११२, ते मिलिमीटरमध्ये ठरवलेले. म्हणजे बाजारात दोन मोजपद्धतींची चाकं शेजारीशेजारी पडलेली असतात आणि काही जोड्या एकमेकींच्या फार जवळ येतात. ११२ आणि ११४.३ ही त्यातली आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारी जोडी, कारण ११२ फोक्सवॅगन समूहाच्या मोठ्या गाड्यांवर, मर्सिडीजवर असतं आणि ११४.३ इनोव्हा, क्रेटा, ब्रेझा, डस्टर अशा कितीतरी गाड्यांवर.

चार भोकांचं काम हलकं आहे. समोरासमोरची भोकं मिळतात, त्यांची लांबची आणि जवळची कड मोजून सरासरी काढली की तोच पीसीडी. मारुतीच्या छोट्या गाड्या, आय-ट्वेंटी १०० वर, फोर्डची फिगो, इकोस्पोर्ट १०८ वर. हा फरक डोळ्यांनाही दिसतो. जपायचं ते फियाटच्या पुंटो, लिनियाला. त्यांचं ९८ आहे, आणि ९८ व १०० ची गल्लत ही वर सांगितलेल्या गल्लतीची सख्खी बहीण. आणखी एक: बाहेरच्या बनावटीच्या काही चाकांना आठ भोकं असतात, ती दोन वेगवेगळ्या पीसीडीची चार-चार भोकं. तिथे मोजताना एकाच संचातली भोकं धरली आहेत ना ते बघायचं. सहा भोकांच्या फॉर्च्युनरला १३९.७ असतं आणि तिथे १५० चा व्हर्निअर समोरासमोरच्या स्टडवर बाहेरून पुरत नाही. पण सहा भोकांत शेजारच्या दोन मध्यांमधलं अंतर बरोबर पीसीडीच्या निम्मं असतं, म्हणून तेच मोजून दुप्पट करावं, आणि तीन-चार जोड्यांवर मोजून सरासरी घ्यावी.

पीसीडी जुळला म्हणजे चाक जुळलं असं नाही. मधलं मोठं भोक, सेंटर बोअर, हेही मोजायचं. क्रेटाच्या हबचा उंचवटा ६७.१ चा. भाच्याच्या चाकाचं मधलं भोक ७३.१ निघालं, बाहेरची चाकं पुष्कळदा अशी मोठ्या भोकाची येतात म्हणजे कुठल्याही हबवर जावीत. मधल्या जागेत त्या दोन मापांची रिंग घालावी लागते, नाहीतर चाक मध्यावर बसवायचं काम एकट्या नटांवर पडतं. नटाचे आटेही बघायचे: ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे १२×१.५, सुझुकीचे १२×१.२५. स्विफ्टचा नट क्रेटाच्या स्टडवर एक-दोन आटे जातो आणि रुततो. तिथे जोर केला तर स्टड खराब. शिवाय नटाचं तोंड: शंकूसारखं, गोलसर, की वॉशर लावलेलं सपाट, ते चाकाच्या खोबणीशी जुळायला हवं. होंडाचे कंपनीचे नट गोलसर तोंडाचे असतात, ते शंकूच्या खोबणीत टेकतात फक्त एका रेघेवर.

आम्ही त्याच आठवड्यात चाकं घेऊन कुर्ल्याला गेलो. टायर अजून चढवले नव्हते म्हणून दुकानदाराने वाद न घालता बदलून देतो म्हटलं. मी त्याच्यासमोरच व्हर्निअर लावला. त्याने आधी लांबची कड वाचली, मग जवळची, आणि सरासरी स्वतःच्या मोबाइलवर काढली. मग दुकानातली आणखी चार-पाच चाकं पालथी करून त्याने मला मोजायला लावली. त्यांतलं एक, ज्याच्या मागे खडूने ‘११४’ लिहिलं होतं, तेही ११२ निघालं. त्याने खडू पुसून नवा आकडा लिहिला.

भाच्याला दुसरा सेट मिळाला: लांबच्या कडा १२३.२, जवळच्या ९४.२, सरासरी १०८.७. चारही चाकं मोजली, प्रत्येकावर दोन वेगवेगळ्या जोड्या. ६७.१ ची रिंग घातली. नट सगळे हाताने शेवटपर्यंत गेले, मग आडवे-उभे क्रमाने थोडे थोडे आवळले, आणि शेवटी गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापाला. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे आहेत.

त्या तपासणीला भाचा पुढच्या रविवारी येतोय आणि बरोबर पोलोवाला मित्रही येणार आहे. पोलोचं वेगळं आहे: हबवर स्टड नसतात, आटे हबमध्ये असतात आणि बोल्ट बाहेरून जातात. तिथे मी एक सोडून एक अशा दोन जागी तिचेच १४ चे बोल्ट हाताने चार-सहा आटे पिळून बसवते आणि हबच्या शक्य तितकं जवळ त्यांच्या दांड्यांवर मोजते. पोलोचं ५×१००, म्हणजे मोठी जीवा ९५.१ यायला हवी. मधलं भोक ५७.१, जे त्याच कंपनीच्या ५×११२ च्या चाकांनाही असतं, म्हणून नुसतं मधलं भोक जुळलं एवढ्यावर जुनं चाक घेऊ नको असं मित्राला आधीच कळवलंय.